गाडेकर बाईंनी फळ्याकडं पाठ केली

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. गाडेकर बाईंच्या घरची मंडळी, शाळेतले सहकारी, पोरांनो, पोरींनो. आणि मागं दाराशी उभे असलेले तुम्ही जुने विद्यार्थी, वाळूजहून पहिली पाळी संपवून कंपनीच्या कपड्यांतच आलेले. पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. बाईंच्या तासाला कुणी दाराशी रेंगाळलेलं चालत नव्हतं, आज कसं चालेल?

मी रंगनाथ काकडे, या शाळेचा जुना मुख्याध्यापक. जन्मभर बोलत आलो. प्रार्थनेच्या वेळी बोललो, पालकसभेत बोललो, सव्वीस जानेवारीला तर पोरं उन्हात चक्कर येऊन पडेपर्यंत बोललो. पण आज सकाळपासून चार वेळा पहिलं वाक्य जुळवलं आणि चारही वेळा ते मोडलं. म्हणून जसं येईल तसं बोलतो. सांभाळून घ्या.

एक आधीच सांगतो. मी सारखा पहिल्या रांगेत उजवीकडं बघणार आहे. तिथं सुमन कोळेकर बसली आहे, आपल्या शाळेची गणिताची शिक्षिका. तिला ऐकू फार कमी येतं, ती समोरच्याचे ओठ बघून समजून घेते. आज मला जे सांगायचंय ते तिला सांगायचंय. तुम्ही सगळ्यांनी ऐका, पण माझं तोंड तिच्याकडं राहील. राग मानू नका.

शोकसभेत असं म्हणू नये, पण खोटं कशाला बोलू? मला आज हलकं वाटतंय. दीड वर्ष बाईंनी जे भोगलं ते संपलं. गेल्या त्या सकाळी, चहा घेऊन, सुनेला खुणेनं पेपर वाचायला सांगून. तडफड नाही, कुणाची धावपळ नाही. याचं समाधान आहे. हलकं वाटायचं दुसरंही कारण आहे, ते शेवटी सांगतो. खरं तर त्यासाठीच उभा राहिलोय.

तर ऐका. सुमन बिडकीनकडची. घरी मेंढरं. ती आमच्या शाळेत आली तेव्हा तिला कमी ऐकू येतं हे कुणालाच धड माहीत नव्हतं. घरच्यांना वाटायचं पोरगी अबोल आहे. आम्हाला वाटायचं ढ आहे. "कळलं का?" विचारलं की मान हलवायची. आम्ही खूश. नववीला गणितात नापास झाली.

तेव्हा शाळेच्या फाटकावर एक मोठा फलक होता. दहावीचा निकाल, शंभर टक्के. दरवर्षी तो नव्यानं रंगवून घ्यायचा, हा माझा हट्ट. आणि शंभर टक्के निकाल कसा लावतात, हे इथल्या जुन्या मास्तरांना चांगलं ठाऊक आहे. माना खाली घालू नका, मी माझंच सांगतोय. जो पास होईल असं वाटत नाही, त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा. म्हणजे मूल घरी बसणार, बाहेरून परीक्षा देणार. नापास झालं तर ते त्याच्या नशिबात. शाळेच्या निकालाला डाग नाही.

गाडेकर बाई आमच्याकडं गणित शिकवायला होत्या. कडक. त्यांच्या वर्गात अर्धा गुण वाढवून मिळायचा नाही. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी सुमनला नळाजवळ मैत्रिणींशी बोलताना पाहिलं. पोरगी हसत होती, भराभरा उत्तरं देत होती, पण प्रत्येकीच्या तोंडाकडं टक लावून. आणि एकीनं पाणी प्यायला पाठ फिरवली की सुमन गप्प. बाई तिथंच उभ्या राहिल्या. पुढचा तास त्यांनी घेतलाच नाही, माझ्या खोलीत आल्या.

म्हणाल्या, "सर, इतकी वर्षं आपण सगळे फळ्याशी बोलतोय. फळा पास झाला, पोरं नापास."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "बाई, बरं नाही का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी मी फेरीवर होतो. बाईंच्या वर्गात चिडीचूप. बाई फळ्यावर आकृती काढताहेत, तोंडातून शब्द नाही. खडू खाली ठेवला. फळ्याकडं पाठ केली. मग बोलल्या, सावकाश, सगळ्यांकडं बघत. परत वळल्या, परत गप्प. मी दारातूनच म्हटलं, "बाई, लिहिता लिहिता बोलत जा. तास वाया जातोय." पोरांसमोर म्हटलं. बाईंनी खडू उचलला. तसंच शिकवत राहिल्या.

आणि एक नवा नियम आला. मान हलवायची नाही. काय कळलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. चुकलं तर परत. जमलं की बाई म्हणायच्या, "बरोबर. बस आता." त्या तीन शब्दांसाठी पोरं जीव टाकायची. व्हय ना रे? बघा, मागं हसताहेत.

पण मी सतरा नंबरचा फॉर्म भरून ठेवला होता. सुमन, तुझ्या नावाचा. तुझ्या वडलांना बोलावून घेतलं होतं. काय सही करतोय हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, "हेडमास्तर म्हणतेत तर पोरीचं भलंच असंल." आणि मी त्यांना चहा पाजला.

बाईंना कळलं, आणि त्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. "पहिल्या घटक चाचणीपर्यंत थांबा. त्यानंतर हा फॉर्म मी स्वतः नेऊन देते."

मी तडजोडीवर आलो. म्हटलं, "मग तिला प्रमेयं गाळा. सोपी गणितं द्या."

"का? पेपर तोच राहील. मी फक्त माझं तोंड फिरवलंय."

पंचवीसपैकी एकोणीस. तपासला कुणी? मी. मुद्दाम मागून घेतला होता तो पेपर, चुका काढायला. दोन वेळा बेरीज केली.

मी फॉर्म बाईंपुढं सरकवला, म्हटलं फाडून टाका. त्या म्हणाल्या, "भरला तुम्ही, मी का फाडू?" आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

पुढचं तुम्ही पाहिलंय. डोळ्यांनी अधू असलेल्या पोरासाठी बाई स्केचपेननं अंगठ्याएवढ्या अक्षरांत पेपर लिहून आणायच्या. प्रश्न तेच. दिवाळीनंतर मेंढरांमागं जाणाऱ्या पोरांबरोबर त्यांनी तयार केलेली वही जायची, आणि परत आल्यावर तोंडी परीक्षा. पोरं रडायची. बाई सोडायच्या नाहीत. एका पोरासाठी केलेलं सगळ्या वर्गाला लागू पडायचं. मीही हळूहळू फळ्याकडं पाठ करायला शिकलो. लई उशिरा, पण शिकलो.

अजून एक आठवण. शाळेचे जुने शिपाई वारले तेव्हा याच सभागृहात आपण दोन मिनिटं उभे होतो. डोळे मिटून. मी "शांती" म्हटलं, सगळे बसले. सुमन तशीच उभी, डोळे मिटून. तिला कसं ऐकू जाणार? पोरं हसायला लागली. बाई उठल्या, तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि आम्हा सगळ्यांना परत उभं केलं. तेव्हापासून या शाळेत श्रद्धांजलीला डोळे उघडे असतात.

आता ते दुसरं कारण. सुमन, तू दरवर्षी निकालाच्या दिवशी माझ्या घरी पेढे घेऊन येतेस. पाया पडतेस. "सर, तुम्ही मला शाळेत ठेवलं" म्हणतेस. आणि मी पेढा खातो. इतकी वर्षं खातोय. 

गेल्या महिन्यात बाईंना भेटायला गेलो. आजारानं त्यांचा आवाज पार गेला होता. ओठ हलायचे, शब्द ऐकू यायचा नाही. त्या काहीतरी म्हणाल्या. मी मान हलवली, "हो, हो बाई." त्यांनी बोट वर केलं. माझ्याकडं रोखून पाहिलं. मला लगेच कळलं, मान चालणार नाही. मी म्हटलं, "नाय कळलं, बाई." मग खुर्ची पुढं ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाचे ओठ नीट बघितले. त्या म्हणत होत्या, "तिला सांगा." मी मोठ्यानं म्हणून दाखवलं, "सुमनला सांगू." त्या हसल्या. सुनेनं कपाटातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं.

हे बघ, सुमन. हा तो फॉर्म. तुझं नाव, तुझ्या वडलांची सही, माझं अक्षर. तुला शाळेत मी ठेवलं नाही. मी तुला काढत होतो, फाटकावरच्या फलकासाठी. ठेवलं बाईंनी. त्यांनी तुला हे कधी सांगितलं नाही, मलाही कधी टोचून बोलल्या नाहीत. माझं मलाच सांगायला ठेवलं. मी चुकलो, पोरी. तुझी माफी मागतो. घे हा.

कळलं का?

मान नको हलवू. काय कळलं ते सांग.

मागं ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सांगतो. ती म्हणते, "तुम्ही मला काढायला निघाले होते. बाईंनी थांबवलं. अन् तुम्ही थांबले." आणि पुढं काय म्हणाली सांगू? थांबा जरा. चष्मा पुसू द्या. म्हणाली, "बरोबर. बसा आता, सर."

बसतो, पोरी. पण आधी आपण सगळे बाईंसाठी उभे राहू. डोळे कुणी मिटायचे नाहीत. सुमन इथं येईल. तिचा हात वर आहे तोवर शांत राहायचं, तिनं खाली घेतला की बसायचं. ये. या मागच्या फळ्याकडं पाठ कर, आमच्याकडं तोंड कर. घे हात वर.