आठ दिवसांचा खेळ आणि बनसोड मॅडम

प्राचार्य साहेब, माझ्या शाळेतल्या सोबत्यांनो, मुलांनो, आणि समोर बसलेल्या मॅडमच्या आई,

तुम्ही सगळे आलात. सावरगावहून पूल ओलांडून आलात, सौंसरहून, मोहगावहून बसनं आलात. हॉलमध्ये जागा नाही म्हणून मुलं व्हरांड्यात उभी आहेत. वर्गात मी रोज गणित शिकवतो, पण आजचं बोलणं गणितासारखं सोपं नाही.

माझ्या आधी तिघं बोलले. मॅडम किती चांगल्या होत्या, ते त्यांनी सांगितलं. मला तसं बोलता येणार नाही. संगणकाच्या खोलीत मी आणि बनसोड मॅडम चार वर्षं सोबत होतो, म्हणून मला बोलायला उभं केलं. आणि त्या चार वर्षांत मी एक काम मन लावून केलं. मी मॅडमचा मत्सर केला.

आई, तुमच्यासमोर हे बोलतो आहे. मला बोलू द्या.

शाळेत दोन संगणक आले तेव्हा अख्खं पांढुर्णा पाहायला आलं होतं. ट्रेनिंगला दोघांना पाठवायचं होतं. गणिताचा म्हणून माझं नाव गेलं आणि विज्ञानाच्या म्हणून मॅडमचं. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी मॅडमच्या जातीवरून एक वाक्य बोललो. ते वाक्य आज इथं उच्चारायची माझी हिंमत नाही. ज्यांनी ते ऐकलं, ते इथं बसले आहेत. त्यातले काही जण तेव्हा हसले होते. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी आत येऊन हजेरीपट घेतला आणि वर्गावर गेल्या.

ट्रेनिंगमध्ये कळलं, की मॅडम माझ्यापेक्षा हुशार आहेत. हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. मान्य करायला चार वर्षं लागली.

पहिल्याच वर्षी छिंदवाड्याला जिल्ह्याचं प्रदर्शन होतं. प्राचार्य साहेब म्हणाले, संगणकावर काहीतरी दाखवा, मुलांचा खेळ दाखवा, साहेब लोक खूश होतील. त्यांनी मॅडमना विचारलं, "किती दिवस लागतील?"

मॅडम म्हणाल्या, "वर्ष तरी लागेल सर."

"वर्ष? प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलं ना!"

मी लगेच म्हटलं, "साहेब, मी आठ दिवसांत देतो."

साहेब, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारली होती. मी मात्र तेव्हा मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

आठ दिवसांत मी खेळ केला. वरून संत्री पडतात, खाली टोपली आहे, ती सरकवायची आणि संत्री झेलायची. आपल्या भागातला खेळ, सगळ्यांना आवडणारा. पण आठ दिवसांत जे होतं तेवढंच झालं. संत्री कुठं पडावीत हे दर वेळी वेगळं करायला मला सवड झाली नाही, म्हणून ती दर वेळी त्याच क्रमानं पडायची. टोपली पार उजवीकडे नेली, की संत्रं तिच्या बुडातून खाली जायचं. आणि शंभर गुण झाले, की यंत्रच अडकायचं. यंत्राला लिहून दिलेल्या सूचनांतल्या चुकलेल्या ओळीचा नंबर पडद्यावर यायचा आणि सगळं गप्प.

मला हे सगळं माहीत होतं. म्हणून छिंदवाड्याला मी कोणालाच बटणाला हात लावू दिला नाही. मीच खेळून दाखवलं. उजवीकडे गेलो नाही, नव्वदला थांबलो. आम्हाला शील्ड मिळालं. ते साहेबांच्या खोलीत आहे, तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे.

मुलांनो, तुम्ही काय केलं ते तुम्हाला आठवतं. परत आल्यावर खेळ तुमच्या हाती दिला. पहिल्या दिवशी रांग लागली. चौथ्या दिवशी एक पोट्टा डोळे मिटून खेळत होता. मी विचारलं, "हे काय करून राहिला?" तो म्हणाला, "सर, पाठ झालं. डावं, डावं, मधात, उजवं." सगळे हसले. पाचव्या दिवशी रांग नव्हती.

तेव्हा मॅडम काय करत होत्या? त्या पुलावर उभ्या होत्या.

मी सायकलनं जात होतो. पाहतो, तर मॅडम जाम नदीकडे पाहून राहिल्या, हातात वही, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहायच्या, काही लिहायच्या. मी थांबलो. म्हटलं, "काय करून राहिल्या मॅडम?"

"पाणी पाहून राहिली सर. एक दगड बुडून पुन्हा वर दिसायला किती वेळ लागतो, ते लिहून राहिली."

"कायले?"

"खेळासाठी. दप्तर घेतलेली एक पोरगी नदी पार करते, दगडांवरून. मी लहानपणी तशीच यायची सावरगावहून. पाणी चढतं, उतरतं. पाणी खोटं वाटलं तर पोट्ट्यांना लगेच कळते."

मी हसलो. स्टाफरूममध्ये येऊन नक्कल केली, पुलावर उभं राहून घड्याळ पाहण्याची. पण त्या रात्री मला झोप आली नाही. मी कधी संत्रं पडताना पाहिलं होतं का? माझ्या काकाची सौंसरला संत्र्यांची बाग आहे. मी एकदाही बागेत गेलो नव्हतो.

मॅडमच्या खेळाचं काम दीड वर्ष चाललं. त्या मुलांना अर्धवट खेळच खेळायला बसवायच्या. वर्गात जो सगळ्यात मागं, तो आधी. आणि स्वतः त्याच्या पाठीमागं स्टुलावर, हातात वही. एक अक्षर बोलायच्या नाहीत. पोरगं कुठं अडलं, कुठं कंटाळलं, कुठं जीभ बाहेर काढून बसलं, सगळं लिहायच्या. मग सगळं मोडून पुन्हा करायच्या. मी म्हणायचो, "मॅडम, कालच तर झालं होतं." त्या म्हणायच्या, "झालं होतं सर, पण मजा नव्हती."

शनिवारी शाळा सुटली, तरी त्यांच्या यंत्रापाशी पंधरा-वीस पोट्टे. त्यांचा आरडाओरडा, मग एकदम शांतता, मग पुन्हा आरडाओरडा. मी दुसऱ्या यंत्रापाशी पाठ करून बसायचो. कानांचं काय करणार? मित्रांनो, शील्ड माझ्याकडे होतं आणि पोरं त्यांच्याकडे. मला शील्ड नकोसं झालं होतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मॅडमनी माझ्यासमोर खेळ उतरवलेली एक कॅसेट ठेवली. "सर, तुमची संत्री. थोडी दुरुस्त केली."

मी म्हटलं, "कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोणीच नाही. पोट्टे तुमच्यावर हसून राहिले होते. मला बरं नाही वाटलं."

काय वाटलं असेल मला? आभार मानावे? मला वाटलं, हिनं माझं उरलंसुरलंही घेतलं. मी कॅसेट कपाटात टाकली आणि कुलूप लावलं.

थोड्याच दिवसांत पुन्हा प्रदर्शन आलं. आता मुख्य गोष्ट सांगतो. फॉर्म माझ्याकडे आला, कारण खोलीचा प्रभारी मी. मी मॅडमना विचारलं, "नदी झाली?" त्या म्हणाल्या, "एका जागी चुकते सर. शेवटच्या दगडावर पाय पडला, की कधी कधी पोरगी पलीकडं न जाता मधातच उभी राहते. वीस वेळा खेळलं तर एकदा. काहून होते, सापडून नाही राहिलं. महिनाभर द्या."

मी फॉर्म भरला. माझ्या संत्र्यांसमोर लिहिलं, पूर्ण. मॅडमच्या नदीसमोर लिहिलं, अपूर्ण, दोष आहे. खाली सही केली. साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांची चूक नाही.

दुरुस्त कॅसेट कपाटात असताना मी बिघडलेली घेऊन छिंदवाड्याला गेलो. या खेपेला एक अधिकारी स्वतः खुर्चीत बसले. त्यांना खेळ आवडला. ते उठेचनात. शंभर झाले आणि यंत्र अडकलं. मी म्हटलं, "व्होल्टेज, साहेब." सगळ्यांनी माना हलवल्या. आपल्याकडे व्होल्टेजवर सगळ्यांचा विश्वास असतो. बक्षीस मिळालं नाही. परतीच्या बसमध्ये माझ्या मनात एकच गोष्ट होती, की मॅडमनाही मिळालं नाही. त्यात मला समाधान होतं. हे माझ्या तोंडून ऐकायला कसं वाटतं, मला माहीत आहे.

या पावसाळ्यात मॅडमना कावीळ झाली. नागपूरला नेलं, परत आणलं. आई, एका दुपारी मी तुमच्या घरी आलो होतो. तुम्ही मला चहा दिलात. मॅडम खाटेवर होत्या, डोळे हळदीसारखे. मी फॉर्मचं सांगायलाच आलो होतो. कसंबसं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं सर. फॉर्म साहेबांच्या टेबलावर होता. तुमची सही पाहिली मी."

"मग बोलल्या काहून नाही?"

"काय बोलणार? तुम्ही खोटं थोडीच लिहिलं? चुकतेच तो खेळ." मग म्हणाल्या, "पण वाईट वाटलं सर. खूप वाईट वाटलं. दोन दिवस मी यंत्राला हात नाही लावला."

मित्रांनो, मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ द्या. त्या जाऊ द्या म्हणाल्या नाहीत. मी चहा संपवला आणि उठलो. माफी मागितली की नाही, तेही मला नीट आठवत नाही. पुलावर आलो तेव्हा पुन्हा हेवा वाटला. एवढ्या आजारात हे माणूस खरं बोलू शकतं, आणि मी धडधाकट असून नाही.

पाच दिवसांनी त्या गेल्या.

परवा मी कपाट उघडलं. कॅसेट लावली. संत्री आता वेगवेगळी पडतात, शंभराच्या पुढं जातात. खेळून झाल्यावर मी त्या खेळाचा प्रोग्राम ओळीओळीनं वाचला. प्रोग्राममध्ये अशा काही ओळी लिहिता येतात, ज्या यंत्र सोडून देतं. त्या फक्त माणसानं वाचण्यासाठी असतात. टोपली भरत गेली, की ती जड होऊन हळू सरकते, ही माझी एक कल्पना होती. तिथं मॅडमनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: ही ओळ सरांची, फार छान, हात लावू नये.

मी ती ओळ पुन्हा वाचली.

साहेब, काल तुम्ही मला म्हणालात, प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे, मॅडमची नदी त्यांच्या नावानं पाठवू, तीच श्रद्धांजली, आजच सही करा. तुमचा हेतू चांगला आहे. पण सगळ्यांसमोर सांगतो, मी सही करणार नाही. शेवटच्या दगडावर ती पोरगी अजून मधातच उभी राहते. मॅडम गेल्या म्हणून ते बरोबर झालेलं नाही. त्यांच्या वह्या आईंनी मला दिल्या आहेत. मी शोधून राहिलो. मॅडम महिना म्हणाल्या होत्या, पण शेवटपर्यंत शोधतच राहिल्या; मला वर्ष लागेल, दोन लागतील. लोक म्हणतील, ढोबळे सर अजून जळतात. खरं आहे, जळतो. त्या वह्या वाचतो तेव्हा जास्तच जळतो. असं मला सुचलं असतं, असं मी एकदा तरी केलं असतं, असं वाटत राहतं. पण घाईत केलेलं काहीही त्यांच्या नावानं या शाळेतून बाहेर जाणार नाही. त्यासाठी माझी दुसरीकडं बदली करायची असेल, तर करा.

माझं बोलणं संपलं. आता आपण उभे राहू. दोन मिनिटं म्हणायची पद्धत आहे, पण आज कोणी घड्याळ पाहू नये. आई, तुम्ही बसूनच राहा. तुम्ही डोळे उघडाल तेव्हा आम्ही बसू.