तृप्तीच्या अभ्यासातला म्हातारा

…आन् मी म्हणतो, म्हाताराच पायजे होता, तर घरात काय कमी होता? हा काय, इथं बसलो हावो! छपरीत, खाटेवर, चांगला जिताजागता! माझी सख्खी नात पुण्यावरून येते, खांद्यावरची पिशवी उतरवते, पानी पेते, आन् म्हणते, "आबाजी, मी जरा समोर केशवआबांकडे बसून येते हं, अभ्यासाचं काम आहे." समोर! त्या केशवरावकडं! जाय बाई, जाय… आपल्याले काय कराचं हाये!

तुमाले सांगतो, तृप्ती तिकडं लय मोठ्या विद्यापीठात शिकते. काय शिकते म्हणान, तर ते मले बी धड सांगता येत नाई. सानगडीच्या बाजारात माणूस भेटला का इचारते, "गोमाजी, नात डाक्टर होणार का इंजिनेर?" मी म्हणतो, दोन्ही नाई. "मंग वकील?" नाई बाप्पा! तिथं म्हणे सकाळी आकाशातले तारे शिकवतात, जेवण झालं का नाटक, आन् संध्याकाळी बेडकं. एकाच पोरीले! कला बी तेच आन् विज्ञान बी तेच. मी इचारलं, "माय, एवढं सारं शिकून कराचं काय?" तर म्हणे, "आबाजी, आधी विचार करायला शिकवतात." आता घ्या! इचार तर मी हे खाटेवर पडल्या पडल्या फुकट करतो!

पण खरं सांगू? मले ते बेडकं-तारे काही टोचत नाई. मले टोचतात त्या तिले शिकवणाऱ्या मॅडम. पोट्टी लहान होती तवा धानाच्या बांधीवर माझं बोट धरून चालाची, आन् इचाराची, "आबाजी, चांद आपल्या मांगं मांगं काहून येते?" मी सांगाचो, "त्याले बी घरी जावाचं रायते, रस्ता मालूम नाई, म्हणून आपल्या मांगं येते." आन् ते तिले पटाचं! आता? आता तिले सारं मॅडम सांगतात. "मॅडम म्हणाल्या असं, मॅडम म्हणाल्या तसं…" सांगा ना. आपल्याले काय कराचं हाये!

तर झालं काय, दिवाळीच्या सुट्टीच्या आधी तिचा फोन आला. "आबाजी, आम्हाला गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाजवळ बसून त्याचं सगळं आयुष्य ऐकायचंय, त्यावर लिहायचंय." आता मले सांगा, गावातला एक म्हातारा म्हटल्यावर मी काय समजन? तुमी काय समजले असते? मी अर्ध्या गावाले सांगून बसलो ना, "नात माझ्यावर लिहून राहिली!" दाढी केली. नवी टोपी काढली. बायको, कुंताबाई, म्हणे, "अवो, आज कोणाचं लगन हाये?" म्हटलं, तू चूप राय, पुण्याले जाऊन राहिलो मी, कागदावर!

आन् पोट्टी गेली समोर.

मंग मी काय केलं? काही नाई. खाट जराशी गल्लीकडं सरकवली. उन्हासाठी! ऊन त्याच बाजूले होतं! आता मधात गल्ली ते केवढी, आन् केशवरावचा आवाज म्हणजे लाउडस्पीकर… ऐकू येते त्याले मी काय करू? तर तो सांगून राहिला, "बेटा, या गावात दंडार, हे आपलं नाचगाण्याचं नाटक, उभी केली ते म्यानं! दिवाळीमांगच्या मंडईच्या जत्रेले चार गावचे लोक मले पाहाले येत!" अरे तुले? तुले पाहाले? दंडारीत लुगडं नेसून नाचत होतो तो मी! हा पोट्टा गॅसबत्ती धरून एका कोपऱ्यात उभा राहाचा, आन् किडे पडले का बत्ती सोडून पळाचा! आन् माझी नात म्हणते कशी, "अय्या, हो का केशवआबा?" अय्या!! मले कदी अय्या म्हटलं नाई तिनं!

रात्री जेवलो नाई. म्हटलं, भूक नाई. तर तृप्ती जवळ येऊन बसली. "आबाजी, रुसलात?" मी? कायले रुसू? "अहो, मॅडमचा नियम आहे. नात्यातला माणूस चालत नाही. आपल्या माणसाचं सगळंच गोड वाटतं ना, मग खरं लिहिलं जात नाही." घ्या! म्हणजे माझं गोड वाटते, हाच माझा गुन्हा!

पण तिथंच माझ्या डोक्यात घंटी वाजली. नात्यातला चालत नाई? मंग केशवराव बी चालाचा नाई!

दुसऱ्या दिवशी टोपी घातली आन् गेलो समोर. कुंताबाई मांगं मांगं. बोलणं भराले तृप्तीचा फोन चालू, केशवराव खुर्चीत फुगून बसलेला. मी म्हटलं, "थांबव बेटा! हा मानूस नात्यातला हाये. याची माय गोदावरीबाई, अड्याळची. तिचा बाप लवकर गेला, म्हणून तिचं कन्यादान कोणं केलं? माझ्या काकानं! कन्यादान ज्यानं केलं, लेक त्याची. म्हणजे गोदावरीबाई माझी बहीण लागली! इचार याले, खरं हाये का खोटं?"

केशवराव म्हणे, "खरं हाये." मी तर दंडारीत जिंकलो असा उभा! लिही म्हणा आता! आन् तेवढ्यात कुंताबाईनं तोंडावर पदर घेतला. "अगं माय वं! अवो, म्हणजे केशवराव तुमचा भाचा लागला ना! आन् एवढे वर्षं तुमी भाच्याच्या पाया पडले नाई?"

आता तुमाले सांगाले नोको. आपल्या इकडं भाचा म्हणजे देव. तो पाळण्यात असो का काठी टेकत असो, मामानं वाकाचं. भाच्याच्या पाया न पडणारा मामा कोणत्या तोंडानं मरन? सारे माझ्याकडं पाहून राहिले. आन् केशवरावनं… फक्त हळूच चप्पल काढली, पाय समोर केला, आन् म्हणे, "या मामाजी."

वाकलो. वाकावंच लागलं! कमरेतून कटकन आवाज आला, तो बी फोनमंदी आला, आन् फोटो बी.

वाटलं, चला, कागदावरून मी गेलो, पण हा बी गेला! कायचं काय! पोट्टीनं तिथूनच मॅडमले फोन लावला. मॅडम तिकडून आनंदानं वरडून राहिल्या, "तृप्ती, हेच लिही! गावात नातं कसं जोडतात, हेच!" तृप्ती म्हणे, "पण मॅडम, नात्याचा नियम?" मॅडम म्हणे, "तो सोड!" सोड?! मी म्हटलं, सुटला ना नियम, मंग आता मी बसतो खुर्चीत! तर तृप्ती म्हणे, "आबाजी, केशवआबांचं अर्ध्याच्या वर झालंय हो. तुमचा फोटो घालते ना मी!"

घातला. शब्दाची पक्की हाये पोट्टी. पुण्याले भिंतीएवढ्या पडद्यावर दाखवला म्हणे, सारी पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिनं तो फोनवर इकडं पाठवला. केशवराव खुर्चीत, तोंड कसं पुनवेच्या चांदासारखं. आन् मी? माझी पाठ. पाठ आन् नवी टोपी. मी कुंताबाईले म्हटलं, मले बारीक अक्षर दिसत नाई, खाली काय लिवलं ते समोर केशवरावकडून वाचून आण, माझं नाव असन. गेली, आली. म्हणे, लिवलं हाये, 'केशवराव आणि त्यांचे मामा'.

मामा! साठ वर्षं दंडारीत नाचलो, आन्… जाऊ द्या. आपल्याले काय कराचं हाये.

चला, उठतो. आता रोजचंच झालं हे. ऊन वर आलं, भाचा पाय धुऊन बसला असन.