सुजलेल्या मनगटावर डझनभर बांगड्या

माहेर माझं चांदवडकडचं, कांद्याच्या वावरातलं, आणि आई सांगायची की ही पोरगी विळा हातात घेऊनच जन्मली, सुईण यायच्या आधी नाळ हिनंच कापली. खोटं वाटतंय? वाटू द्या, लिहून घ्या. लग्न होऊन दिंडोरीला आले तर इथं द्राक्षाच्या बागा, विळा सुटला आणि हातात कात्री आली, विरळणीची, म्हंजे घडातले दाटीचे मणी कापून काढायचे, मग राहिलेले फुगतात. घड डोक्याच्या वर, मनगट मागं वाकलेलं, आणि दिवसभर कचाकच कचाकच. काय सांगू तुम्हाला, माझ्या कात्रीच्या आवाजाला भिऊन बागेतले बुलबुल निफाडला पळाले, अजून परत आले नाय.

आमच्या बायकांच्या टोळीत एक म्होरकी असते. ती ओळीत पुढं, तिच्या हाताच्या वेगानं मागच्या अकरा जणींचे हात चालतात, बागवाला बोलतो तेही तिच्याशीच. वीस वर्षं म्होरकी मीच. आणि ओळीत माझ्या लगोलग मागं माझी धाकटी जाऊ, कमल. मांजर दुधाकडं बघतं ना, तशी माझ्या जागेकडं बघायची.

गेल्या हंगामात अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या. आधी मुंग्या, मग मुंगळे, मग वाटलं अख्खं वारूळच मनगटात राहायला आलं. भाकरी थापता थापता हात थांबायचा, चहाचा कप सुटायचा. आमचे मालक, म्हंजे नवरा, म्हणले, दवाखान्यात चल. मी म्हणलं गप बसा, कमलला कळलं तर उद्या ती पुढं आणि मी तिच्या मागं, त्यापरीस हात गेला तरी चालंल. आता सूज दिसू नये म्हणून मी काय केलं, तर कासाराकडं गेले आणि डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या, एक माप लहान. तो म्हणला मावशी, लय घट्ट होतील. मी म्हणलं घट्टच पायजेत, आवळलं की दुखणं दबतं. त्यानं साबण लावून चढवल्या आणि मी दात आवळून हसत बसले. टोळीतल्या बाया म्हणल्या, काय बाई, दुसरं लगीन हाय का काय? कमलची नजर माझ्या मनगटावर.

चौथ्या दिवशी कात्री हातातून गळाली ती कमलच्याच पायापाशी. तिनं उचलली, म्हणली, बाई, बोटं निळी पडलीत तुमची, चला गपगुमान. आणि मला स्कूटीवर घालून नाशकात, गंगापूर रोडला, डॉक्टरणीपुढं उभं केलं.

डॉक्टरीण म्हणली, आधी बांगड्या काढा, निघत नसतील तर फोडा. मी म्हणलं पोरी, नवरा जिता असताना फोडू? कमलनं सरळ यांना फोन लावला, मोठ्या आवाजात, आणि तिकडून हे वरडले, फोड खुशाल, मी काय बांगड्यांवर जगत नाय, मटणावर जगतो! अख्खा दवाखाना हसला. फडक्यात गुंडाळून एकेक फोडली.

मग डॉक्टरीण समजवायला बसली. मनगटात एक बोगदा असतो, त्यातून नस जाते, तेच ते काम मनगट वाकवून, जोर लावून केलं की आतून सुजतं आणि नस चेपते. मावशी, तुम्ही वरून बांगड्यांचा चाप लावला. म्हणली, कुणाचं तासन्तास फोन धरून दुखतं, कुणाचं हात मुडपून झोपल्यानं, कुणाचं पडल्यानं, कुणाला सांधेवात नायतर शुगर असते, म्हणून मुंग्या राहिल्या की अंगावर काढायचं नाय. मनगट सरळ ठेवा, खोक्यावर चढा म्हंजे घड छातीसमोर येतो, कात्री हलकी आणि धारेची घ्या, बोथट कात्री जोर मागते, आणि मधी मधी हाताला सुट्टी द्या. मला तर पट्टा बांधून दीड महिना कात्रीच बंद केली. दीड महिना! मी घरात बसून भिंतीवरच्या पाली मोजल्या, त्यांना नावं ठेवली.

परत गेले तर कमलनं ओळीच्या तोंडाशी खोकं मांडून ठेवलेलं. म्हणली, बाई, चढा, पुढं तुम्ही. पण मी म्हणलं नाय, आता नवा कायदा. ओळ संपली की सगळ्यांनी कात्र्या खाली ठेवायच्या, बोटं उघडायची मिटायची, हात झटकायचे, आणि पुढची बाई मागं, मागची पुढं. बागवाला म्हणला, हा काय नाच लावलाय? मी म्हणलं, तुम्ही पण या नाचायला. पण बाग दोन दिवस आधीच उरकली. गावात मी दोनाचे आठ दिवस करून सांगते.

आता फिरत फिरत मी मागं येते, आणि मागून कमलचा हात दिसतो. लय गोड चालतो हो, माझ्यापरीसही गोड. हे तिला मी जल्मात सांगणार नाय, आणि तुम्ही पण लिहू नका. लिहिलं का? बरं, राहू द्या. देव तिचं मनगट असंच ठेवो.