उतारा वाचायचा नसतो

कात्रजच्या बसमध्ये माझ्या पुढच्या आसनावर एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसली होती. मुलीची नऊ वाजता प्रवेश परीक्षा होती.

“मृणाल, अख्खा उतारा वाचायचा नाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि उत्तर लिहून मोकळं व्हायचं.”

“बाबा, काल मधमाश्यांचा उतारा छान होता, म्हणून सगळा वाचला.”

“छान? परीक्षा आहे, वाचनालय नव्हे!”

“पण पाचही उत्तरं बरोबर आली.”

“आणि वेळ गेला, त्याचं काय? मी तुझं हॉल तिकीट एका मिनिटात वाचलं. ‘पत्ता’ शब्द शोधला, कात्रज सापडलं, संपलं.”

“दाखवा बघू. अहो बाबा, हा तक्रार कक्षाचा पत्ता आहे. परीक्षा लोणी काळभोरला आहे.”

“शक्यच नाही. पहिल्या ओळीपासून वाच. सावकाश.”