सगळ्यांचा मिळून एक फोटो

नाही, पण मी म्हणतो, माझ्या आईच्या डाव्या पापणीचा एकेक केस सुटा दिसतोय, याचं मी करू काय? फ्रेम करून लावू? पाहुण्यांना दाखवू? 'या, बसा, पाणी घ्या, ही आमच्या आईची पापणी'? आणि ते आमचे दातांचे डॉक्टर मला फोनवर सांगतायत, "अरे, मोठा करून बघ, मुळाशी जा मुळाशी! काय डिटेल आहे!" आहे ना! डिटेलच आहे! आई नाहीये त्यात! पण ते एक सोडा... लेन्स मात्र एक नंबर!

तुम्हाला सांगतो, माणसाला नाद असावा तर चहाचा असावा, पत्त्यांचा असावा, फोटोचा असू नये. आणि असलाच तर गपचूप एकट्याने करावा, त्याचा ग्रुप काढू नये! आमचा आहे ग्रुप. दर रविवारी सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात जमतो, पेशंटच्या बाकावर बसतो आणि एकमेकांचे फोटो बघतो. म्हणजे असं आमच्या बायकांना वाटतं. फोटो कोण बघतो? एकाने फोटो पुढे केला रे केला की दुसरा विचारणार, "कुठल्या लेन्सने?" संपलं! मग जेवायची वेळ होईपर्यंत लेन्स, लेन्स आणि लेन्स. आमच्यात एक आहे, त्याला सगळे दुर्बीण म्हणतात, त्याने मागे बायकोचा फोटो दाखवला. आम्ही नुसते वेडे झालो, "वा! मागचं झाड कसं विरघळलंय बघा!" बाईंचा हात गळ्यात बांधलेला होता हो त्या फोटोत! प्लास्टरमध्ये! हात मोडलाय हे आम्हाला कधी कळलं? प्लास्टर निघाल्यावर!

आणि ग्रुपचा एक नियम आहे. नियम कसला, व्रत आहे व्रत! एक माणूस, एक लेन्स. हे आमच्या सरांचं. सर म्हणजे गणिताचे मास्तर, आता निवृत्त. ते डोळे मिटून म्हणतात, "लेन्स म्हणजे संसार. एकीशीच करावा. दिसली लेन्स की बदल, दिसली लेन्स की बदल... ही काय वागणूक झाली?" आणि आम्ही माना डोलावतो. मीसुद्धा! शहाण्यासारखा!

बरं, तर आईची पंच्याहत्तरी आली. आता आमचा दादा जहाजावर, वर्षातून कधी उगवेल त्याचा नेम नाही. ताई सातासमुद्रापार. आणि मी इथेच, आईपाशी, म्हणून माझी किंमत शून्य, ते जाऊ द्या. पण तिघं एकाच दिवशी एका छताखाली, असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही दादा पाण्यावरच होता. ते आई कधी बोलत नाही. ती फक्त एवढंच म्हणाली, "मला काही आणू नका रे. तुम्ही तिघं आणि मी, एक फोटो. एकच. सगळ्यांची तोंडं नीट दिसतील असा." बस! म्हातारीने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं!

वहिनी बिचारी म्हणाली, "कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला बोलावू या का?" अहो, मी असा भडकलो! "घरात फोटोग्राफर असताना? माझे मित्र येतील! चार-चार कॅमेरे लागतील!" लागले. चार कॅमेरे लागले आणि वाट लागली!

संध्याकाळी दादाला आणि ताईला निघायचं होतं, म्हणून दुपारीच सगळे जमले. आई केसबीस विंचरून सोफ्यावर मधोमध बसली. एका बाजूला दादा, एका बाजूला ताई. ताईच्या शेजारी माझी जागा रिकामी. आता काय राहिलं सांगा? बटण दाबायचं! पण नाही!

पहिले डॉक्टर पुढे सरसावले. यांची लेन्स कुठली? तर मुंगीच्या मिशा टिपायची! तीच दवाखान्यात, तीच बाहेर. आईच्या नाकाला लेन्स टेकते की काय इतके जवळ गेले, आधी ती पापणी टिपली आणि मग सवयीने म्हणाले काय? "काकू, जरा आ करा." आणि आमच्या आईने केला हो आ! मोठ्या माणसाचा मान म्हणून! पंच्याहत्तरीच्या दिवशी माझ्या आईच्या दाढेचा फोटो आहे माझ्याकडे! लेन्स मात्र एक नंबर!

दुर्बीण कुठाय? दुर्बीण घरातच नाही! त्याची लेन्स पक्ष्यांची, हातभर लांब, आमच्या खोलीत तिला नुसतं कूस बदलायला जागा नाही. म्हणून हा पठ्ठ्या समोरच्या इमारतीत गेला, कुणाच्या तरी दाराची बेल दाबली, त्यांच्या गॅलरीत उभा राहिला आणि तिथून मला फोन! "काकूंना म्हणावं जरा खिडकीकडे सरका... अजून... दादाला बाजूला कर, पडदा ओढ..." तासभर! आणि शेवटी काय काढलं? आमच्या खिडकीवर बसलेलं कबुतर! पिसन् पीस दिसतंय! आणि मागे ते धुकट धुकट काहीतरी आहे ना... ते आम्ही! आमचं कुटुंब! लेन्स एक नंबर!

मग सर. सरांची लेन्स म्हणे फार जुनी, फार हळवी. पूर्ण उघडीच ठेवायची असते, नाहीतर तिचा अपमान होतो. आणि पूर्ण उघडली की बोटभर जागा तेवढी स्पष्ट येते, पुढेमागे सगळा शिरा... म्हणजे लगदा हो, लगदा! सरांनी ताईच्या उजव्या डोळ्यावर नेम धरला. म्हटलं, "सर, आणि बाकीचे?" सर म्हणाले, "बाकीचे वातावरण आहेत." वातावरण! माझा दादा, सहा फुटांचा माणूस, अर्ध्या जगाला वळसा घालून आईसाठी आलेला... वातावरण! आईसुद्धा वातावरण!

तुम्ही म्हणाल, आणि तू रे? तू काय करत होतास? मी! माझी तर चेहऱ्यांची लेन्स. एक चेहरा असा सुरेख येतो म्हणता... पण एक! दोन जेमतेम. तीन घ्यायचे तर मागे जावं लागतं. गेलो मागे. पाठीला कपाट लागलं. स्वयंपाकघरात शिरलो, ओट्याला टेकलो, दादाचा कान अजून बाहेरच! मग दारातून बाहेर, जिन्यात, थेट शेजाऱ्यांच्या दाराला पाठ लावून उभा राहिलो, तर आता मध्ये आमचीच चौकट! आतून आई ओरडतेय, "अरे, कुठे चाललास? तू कधी येणार फोटोत?" मी म्हणतोय, "आलो, आलो!" माझी जागा तशीच रिकामी!

आणि तेवढ्यात वहिनीने काय केलं, साधा आपला फोन काढला. म्हणाली, "बसा सगळे, मी काढते." आम्ही असे ओरडलो, घरात साप निघाल्यासारखे! "नको!" डॉक्टर म्हणाले, "वहिनी, आमच्यासमोर?" सरांनी तर तोंडच फिरवलं. आणि मी... मी म्हणालो, "वहिनी, ठेव तो आत. हसं करू नकोस." ठेवला तिने. निमूटपणे ठेवला! अहो, एकदा दाबलं असतं बटण, एकदा! पण आम्ही पडलो जाणकार!

खाली गाडीचा हॉर्न वाजला. दादाने बॅग उचलली, ताई आईच्या गळ्यात पडून रडली, धावपळ, गडबड... गेले. आई तशीच सोफ्यावर, मधोमध. मला म्हणाली, "झाला ना रे फोटो?" म्हटलं, "झाला की!" काय बोलणार? संताप आला होता मला, त्या सगळ्यांचा आणि त्यांच्याहून जास्त स्वतःचा. आता आम्ही तिघं परत कधी एकत्र बसणार? आणि बसलो तरी आई... जाऊ द्या. ते मी बोलत नाही.

पुढच्या रविवारी दवाखान्यात गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. तर सर शांतपणे म्हणाले, "चिडतोस काय? जोडून देतो." आणि दिला की! सगळ्यांच्या फोटोंतून माणसं कापली आणि कॉम्प्युटरवर एका सोफ्यावर बसवली! दादाचं डोकं हे एवढं, ताई त्याच्या निम्मी. दादावर उजेड खिडकीकडून, ताईवर स्वयंपाकघराकडून, म्हणजे आमच्या घरात दोन सूर्य! आईचं तोंड तेवढं मिटलेलं मिळालं, नशीब! आणि मी? सर म्हणाले, "तुझा एकही नाही रे कुणाकडे. एक कोपर सापडलंय, लावू का?"

नको म्हटलं. कोपर नको. आईने तो फोटो हॉलमध्ये लावला, बरोबर सोफ्याच्या वर. काल शेजारच्या काकू आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "छान आहे हो. पण धाकटा दिसत नाही तो?" मी म्हटलं, झालं! आता निघणार सगळं! आणि आई काय म्हणाली माहितीये? मान ताठ करून म्हणाली, "तो कसा दिसेल? त्यानेच तर काढलाय!"

आता ती स्वतः बसली होती हो त्या सोफ्यावर! तिला ठाऊक नाही होय, असा फोटो कुणी काढलाच नाही ते? पण माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने. काकू वळल्या माझ्याकडे, "हो का रे? तू काढलास?"

काय करता? म्हटलं, "हो काकू, मीच. जरा घाईत काढला."