आधी तक्ता की आधी डोमेन

गजभिये वहिनी, प्राचार्य सर, माझे सहकारी, आणि मागे दाटीवाटीनं उभ्या असलेल्या अकरावीच्या मुलांनो,

एवढे सगळे आलात. आज गजभिये सर असते तर म्हणाले असते, एवढी हजेरी माझ्या तासाले काहून नसते? बोलायला उभी राहिलेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

माझं आणि सरांचं भांडण होतं. अख्ख्या स्टाफरूमला ठाऊक आहे. आम्ही दोघंही गणिताचे. वर्गमूळाचा ग्राफ मुलांना कसा शिकवायचा, यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. सर म्हणायचे, आधी डोमेन. मुळाखाली कोणत्या किमती चालतात ते ठरवा, मगच खडूला हात लावा. मी म्हणायची, आधी तक्ता. मुलांना किमती घालू द्या, बिंदू मांडू द्या, डोमेन त्यांना आपोआप दिसेल.

सर वैतागायचे. "मॅडम, मुळाखाली एक्स वजा तीन आहे. पोरं शून्य घालतात अन् उणे तीनचं मूळ काढत बसतात, जे निघतच नाही. काहून अडकवता त्यायले?"

अडकू द्या ना, मी म्हणायची. अडकल्याशिवाय कळतं का कुणाला?

वाद रंगला की सर डबा पुढे सरकवायचे. वहिनी, तुमच्या हातचा तो भिवापुरी मिरचीचा ठेचा. माझ्या डोळ्यांत पाणी, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि सर मिशीतल्या मिशीत हसत तासाला निघून जायचे. तुमचा ठेचा ते असा वापरायचे, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

आज कुणीतरी म्हणेल की आयुष्यही त्या ग्राफसारखं असतं. सरांना हे अजिबात खपायचं नाही. एका निरोप समारंभात पाहुणे तसं बोलू लागले, तर माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, गणिताले गणित राहू द्या ना गा. म्हणून मी तसलं काही बोलणार नाही. मला सरांची आठवण येते. फार येते. चहाच्या वेळी दार वाजलं की मान वर होते. दारात दुसरंच कुणीतरी असतं.

गेल्या रविवारी सर गेले. दोन-तीन दिवसांनी त्यांचा अकरावीचा तास मला दिला. कुठपर्यंत झालं, मी विचारलं. मुलं म्हणाली, शनिवारी सरांनी वर्गमूळाचा ग्राफ सुरू केला. मी ठरवलं, सरांचा वर्ग आहे, सरांच्याच पद्धतीनं शिकवू. फळ्यावर एक्स वजा तीनचं वर्गमूळ लिहिलं आणि विचारलं, डोमेन काय?

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "मॅडम, सरांनी तर आधी तक्ता केला. म्हणाले, आज मॅडमची पद्धत करून पाहू."

शनिवारी तिनंच एक्सच्या जागी शून्य घातलं होतं. उणे तीन आलं, ती अडकली. तिनं एक घातला, दोन घातले, पुन्हा अडकली. सर थांबून राहिले. तीनला शून्य आलं, चारला एक, सातला दोन. तेव्हा ती म्हणाली, सर, तीनच्या आधी ग्राफच नाही. मग उत्तरांची रेंजही मुलांनीच सांगितली, शून्य आणि त्याच्या वर. सरांनी खडू खाली ठेवला. हसले. आणि म्हणाले, "सोमवारी मॅडमले सांगतो."

काय सांगणार होतात, सर?

हरलो म्हणणार होतात? की रात्रभर विचार करून माझ्या तक्त्यात नवी खोट काढणार होतात? मला दोन्ही चाललं असतं. हे भांडण मला जिंकायचं नव्हतं हो. मला फक्त तो सोमवार हवा होता.

वहिनी, मुलांनो, आपण सगळे उठून उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही.

सर, जय भीम.