टोपीतला गळ

कच्च असा आवाज झाला आणि सखारामच्या बैलाच्या शेपटीचा अख्खा गोंडा माझ्या हातात आला. बरीच वर्षं झाली, पण तो आवाज अजून कानात आहे.

मला हवे होते चिमूटभर केस. पुतण्याने दुबईहून एक गळ आणला होता, हरणाच्या शेपटीचे केस बांधलेला. पाण्यात ओढला की लहान मासाच पोहतोय असं वाटे आणि नदीतला खडस मासा त्यावर धावून येई. तो गळ दगडात अडकून तुटला. आता हरणाचे केस कुठून आणू? शेजारच्या सखारामच्या बैलाचा गोंडा तसाच पांढरा होता. मी कात्री लावली आणि नेमकी तेव्हाच बैलाने शेपटी झटकली.

मी हबकलो. गोंडा खिशात कोंबला. घरी येऊन लाल दोऱ्याने केस गळावर बांधले आणि हरवू नये म्हणून गळ टोपीत खोचला.

तेवढ्यात सखारामची हाक आली. "तात्या, गिऱ्हाईक आलंय. चार शब्द बोला."

त्याचे गुडघे गेले होते, म्हणून त्याने बैल विकायला काढला होता. बैल चांगल्या घरी जावा, एवढंच त्याला हवं होतं.

"आधी शेपटी बघा," तो पाहुण्याला म्हणाला. "देवळातली चवरी झक मारील." त्याने शेपटी उचलली, तर टोकाला नुसतं दांडकं.

"बांडा बैल आम्ही दारात बांधत नाही," पाहुणा म्हणाला.

"सकाळी होता हो गोंडा. कोणी कापलान, तात्या?"

सखारामची नजर माझ्या टोपीतल्या गळाच्या पांढऱ्या केसांवर थांबली. त्याने दावं सोडलं आणि तो बैलाला घेऊन निघून गेला.